उत्सव, उन्माद आणि दंडविधान : मद्रासच्या निमित्ताने

शिमगा जातो आणि कवित्व उरते, अशी म्हण आपल्याकडे आहे. सण एका दिवसाचा असतो. त्या दिवशी तोंडातून जे निघाले ते मात्र पुढे अनेक दिवस माणसाचा पाठलाग करते, हे तिचे तात्पर्य. म्हण घडली त्या काळी हा पाठलाग गावकीपुरता होता. चार दिवस चर्चा होई, एखादा वडीलधारा रागे भरे, आणि पुढच्या वर्षीच्या पालखीपर्यंत सारे विसरले जाई. आज कवित्वाऐवजी खटला उरतो. उत्सवाच्या रात्री दारूच्या अमलाखाली ज्याने आरडाओरडा केला, कोणाला धक्का दिला, पोलिसाशी हुज्जत घातली, तो दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेल्या चेहऱ्याने दंडाधिकाऱ्यापुढे उभा राहतो. त्याच्यावरील आरोपपत्रात एकच नाव असते, त्याचे स्वतःचे.

या एकट्या नावाकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. उत्सवातील मद्यपीला शिक्षा असावी की नसावी, हा येथे प्रश्न नाही. ती प्रत्येक काळी कोणत्या ना कोणत्या रूपात होतीच. त्या अपराधात आणखी कोणाचा वाटा धरला जात होता, आणि तो वाटा पुढे कोठे गेला, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे शहर विशेष सोयीचे आहे. साडेतीन शतकांचा कागदोपत्री इतिहास या शहराला आहे आणि मद्याविषयीचे राज्यसंस्थेचे जवळजवळ सर्व पवित्रे तेथे एकापाठोपाठ एक पाहावयास मिळतात. मराठी वाचकाला तर तेथे आपल्याच इतिहासाचे प्रतिबिंब दिसावे, इतके साम्य जागोजागी आहे.

आरंभ एका योगायोगापासून करू. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून ज्या सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले, त्याच्या धर्तीचा मिरवणुकांचा उत्सव मद्रासमध्ये बऱ्याच उशिरा, १९८३ साली हिंदू मुन्नणी या संघटनेच्या पुढाकाराने सुरू झाला. विनायक चतुर्थी तेथे पूर्वीही घरोघरी होतीच. मातीची लहानशी मूर्ती आणून पूजावी आणि विहिरीत वा तळ्यात विसर्जित करावी, अशी रीत होती. रस्त्यावरची मिरवणूक, मंडप आणि पट्टिनपाक्कमसारख्या किनाऱ्यांवरील मोठे विसर्जन हे सारे नंतरचे. त्याच १९८३ साली तमिळनाडू सरकारने मद्याच्या घाऊक व्यापारासाठी एक महामंडळ स्थापन केले. तमिळनाडू राज्य विपणन महामंडळ असे त्याचे भारदस्त नाव असून लोकांच्या तोंडी ते 'टास्मॅक' आहे. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु गर्दीचा नवा उत्सव आणि मद्याचा सरकारी व्यापार एकाच वर्षी एका शहरात अवतरावेत, ही गोष्ट अभ्यासकाला थांबून विचार करावयास लावणारी खचितच आहे.

राज्यसंस्था, उत्सव आणि मद्य यांचा त्रिकोण आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. सुरेचा व्यवहार राज्याच्या देखरेखीखाली चालावा, ही त्यातील भूमिका. त्याच प्रकरणात उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या प्रसंगी चार दिवस सुरा गाळण्याची मोकळीक द्यावी, असेही सांगितले आहे. म्हणजे उत्सवात लोक पिणारच, हे गृहीत धरून त्याची मुदत ठरविण्याचा हा व्यवहारी मार्ग होता. पण त्याहून लक्षणीय एक तरतूद तेथे आहे. पानगृहात पिऊन झोपी गेलेल्या ग्राहकाचे दागिने, वस्त्रे वा रोकड नाहीशी झाली, तर ती भरपाई विकणाऱ्या व्यापाऱ्याने करावी आणि शिवाय तितकाच दंडही द्यावा. ग्राहक बेशुद्ध झाला यात त्याचा दोष आहेच. पण बेशुद्ध करणारी वस्तू ज्याने पैसे घेऊन दिली, त्याची जबाबदारी पैसे घेताक्षणी संपत नाही, असा हा विचार आहे. कौटिल्याला कोणी मवाळ नीतिवादी म्हणणार नाही. हेरांच्या नजरेतून सारे राज्य पाहणाऱ्या या ग्रंथकारालाही विक्रेत्याचे उत्तरदायित्व स्वाभाविक वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता मद्रासकडे येऊ. सतराव्या शतकात फोर्ट सेंट जॉर्ज ही इंग्रज कंपनीची एक वखार होती. तटबंदीच्या आत कंपनीचे कारकून, व्यापारी आणि शिपाई राहत. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या या तरुणांना मद्याची चटक होती आणि सणासुदीच्या मेजवान्यांत तिला ऊत येई. १६७० च्या दशकात, गव्हर्नर विल्यम लँगहॉर्न यांच्या कारकिर्दीत, त्यांच्या वर्तनासाठी काही नियम करण्यात आले. टॅलबॉइज व्हीलर या इतिहासकाराने एकोणिसाव्या शतकात मद्रासच्या जुन्या कागदपत्रांतून ते उजेडात आणले. एका वेळी एका माणसाने अर्ध्या पाइंटाहून अधिक अरक वा ब्रँडी आणि एका क्वार्टाहून अधिक वाइन पिऊ नये, असा एक नियम त्यात आहे. आजच्या मापाने ही मर्यादा उदारच म्हटली पाहिजे! पण नियमभंगाचा दंड पाहा. मर्यादा ओलांडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बारा फणम, आणि ज्याच्या घरी ते मद्य पुरविले गेले त्या यजमानाला एक पागोडा, म्हणजे आपल्याकडचा होन. मद्रासच्या जुन्या हिशेबात एका पागोड्याचे साधारण छत्तीस फणम धरीत. याचा अर्थ असा, की पिणाऱ्याच्या तिप्पट दंड पाजणाऱ्याला होता. पिऊन तर्र झालेल्याला दंडाखेरीज खोड्यातही अडकवीत, ही गोष्ट वेगळी. हे नियम कोटाच्या आतल्या गोऱ्या माणसांपुरते होते आणि त्यांमागे भूतदयेपेक्षा वखारीच्या शिस्तीची काळजी अधिक होती. तरीसुद्धा अपराधाची वाटणी करताना त्या व्यापाऱ्यांनी पाजणाऱ्याचा वाटा मोठा धरला, हे नाकारता येणार नाही.

याच सुमारापासून पुढच्या शतकातील मराठी राज्याकडे पाहिले, तर वेगळे चित्र दिसते. पेशव्यांच्या रोजनिशींना न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली जी प्रस्तावना लिहिली, तीत मद्याविषयीच्या धोरणाचा परामर्श घेतला आहे. पेशवाईत मद्यापासूनचे उत्पन्न जवळजवळ नगण्य होते. पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या वसई, चौल यांसारख्या मुलखात भंडारी, कोळी इत्यादी लोकांना मद्याची मुभा असे; मात्र ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी अंमलदार यांनी ते घेऊ नये, अशी सक्त ताकीद असे. येथे अपराध कृतीवरून नव्हे, तर कर्त्याच्या जातीवरून आणि पदावरून ठरतो. समतेच्या दृष्टीने हे धोरण आज कोणी मान्य करणार नाही. परंतु त्याची एक बाजू उल्लेखनीय आहे. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्यावर निर्बंध अधिक कडक, असे सूत्र त्यात काही अंशी होते. आणि मद्य हा राज्याच्या तिजोरीचा आधार नव्हता.

एकोणिसाव्या शतकात दोन्ही सूत्रे बदलली. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ५१० वे कलम हे या विषयातील मूळ कलम होय. नशेच्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी येऊन कोणास उपद्रव होईल असे वर्तन करणाऱ्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढीच त्याची व्याप्ती होती. कलमाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. नुसते पिणे हा येथे गुन्हा नाही. पिऊन लोकांत येणे हाही नाही. त्यापायी दुसऱ्याला उपद्रव झाला पाहिजे. जातीचा वा पदाचा भेदही येथे नाही. कायद्याच्या दृष्टीने सारे मद्यपी एका पातळीवर आले, हा आधुनिकतेचा लाभच होता. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली आणि तिची फारशी दखल घेतली गेली नाही. कौटिल्याचा व्यापारी आणि लँगहॉर्नचा यजमान या कलमातून अदृश्य झाले. रंगमंचावर मद्यपी तेवढा एकटा उरला.

ते का झाले, याचे उत्तर लवकरच मिळाले. मुंबई इलाख्यात १८७८ साली आणि मद्रास इलाख्यात १८८६ साली अबकारी कायदे झाले. ताडी-माडी आणि गावठी गाळप यांवर सरकारचे नियंत्रण बसले, ठेके आणि परवाने यांची घडी बसविण्यात आली, आणि अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे अंग होऊन बसले. पाठोपाठ १८८८ साली मद्रास शहर पोलीस कायदा झाला. त्याच्या पंचाहत्तराव्या कलमाने सार्वजनिक ठिकाणच्या मद्यधुंद आणि दंगेखोर वर्तनाला शिक्षा सांगितली. दोन वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. एकाने मद्याच्या थेंबाथेंबावर सरकारचा हक्क प्रस्थापित केला. दुसऱ्याने तेच थेंब पोटात घेऊन रस्त्यावर आलेल्याला शिपायाच्या हवाली केले. पाजणाऱ्याच्या जागी आता सरकार स्वतः येऊन बसले होते, आणि सरकार स्वतःवर आरोपपत्र ठेवीत नाही.

हा अंतर्विरोध ओळखणारी माणसे महाराष्ट्रात त्याच वेळी होती. पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनी १८८० साली नगरपालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून शहरात वाढलेल्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले. मद्यपीला उपदेश करणारे वाङ्मय त्या काळी पुष्कळ होते. फुल्यांनी दुकानाकडे बोट दाखविले, हे त्यांचे वेगळेपण. पुढे १९०८ साली टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात मद्यपाननिषेधाची चळवळ उभारली. दारूच्या गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहून येणाऱ्या गिऱ्हाइकांना परत फिरण्याची विनंती करू लागले. सरकारच्या दृष्टीने हा व्यापारातील अडथळा होता. निर्बंध घालण्यात आले आणि स्वयंसेवकांवर खटले झाले. पिऊन दंगा करणारा आणि पिऊ नको म्हणून हात जोडणारा, असे दोघेही एकाच प्रकारच्या न्यायालयात येऊन उभे राहिले. गुत्त्याचा मक्तेदार मात्र तेथे कोठेच नव्हता.

मराठी साहित्यानेही या प्रश्नाची एकच बाजू रंगविली, असे खेदाने म्हणावे लागते. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. सुधाकर हा बुद्धिमान वकील. न्यायालयातच अपमानित होऊन तो प्याल्याकडे वळतो आणि अखेर आपली सनद, संसार आणि जीव गमावून बसतो. मराठी मनावर या शोकांतिकेचा जो ठसा उमटला, तो अद्याप पुसला गेलेला नाही. गडकऱ्यांची सारी दृष्टी सुधाकराच्या मनातील पडझडीवर खिळलेली आहे; फार तर तळीरामाच्या मंडळीपर्यंत ती पोहोचते. ठेका, परवाना आणि अबकारी खाते हे तिच्या कक्षेबाहेर राहतात. शोकांतिकेला नायकाचा दोष हवा असतो, आणि कायद्याला आरोपी हवा असतो. दोघांनाही एकटा माणूस सोयीचा असतो. सुधाकराविषयी आपल्याला करुणा वाटते खरी. पण रस्त्यावरचा मद्यपी सुधाकर नसतो, तो बहुधा गिरणीतला वा गोदीतला मजूर असतो, आणि त्याच्या वाट्याला ती करुणाही येत नाही.

मद्रासच्या इतिहासात यानंतर एक मोठा नैतिक प्रयोग झाला. चक्रवर्ती राजगोपालाचारी मद्रास इलाख्याचे पंतप्रधान झाल्यावर १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी अमलात आली. त्यासाठीच १९३७ चा मद्रास दारूबंदी कायदा झाला. या प्रयोगाची थोरवी अशी, की सरकारने स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडले आणि ती तूट भरून काढण्यासाठी १९३९ साली सर्वसाधारण विक्रीकर आणला. पाजणाऱ्याची भूमिका सरकारने प्रथमच खाली ठेवली होती. स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९४८ पासून संपूर्ण इलाखा दारूबंदीखाली आला. मुंबई राज्यानेही १९४९ चा दारूबंदी कायदा करून तोच मार्ग धरला.

परंतु या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८६० च्या कायद्याने राखलेला विवेक येथे मोडला. आता उपद्रव सिद्ध करण्याची गरज उरली नाही. पिणे हाच गुन्हा झाला. देवीच्या जत्रेत, आडि महिन्यातल्या अम्मनच्या उत्सवात, कोकणातल्या शिमग्यात ताडी-माडीचा जो पिढ्यान्‌पिढ्यांचा भाग होता, तो एका रात्रीत फौजदारी विषय झाला. आणि गुन्ह्याचा पुरावा कोणता? तोंडाला येणारा वास. मुंबईतील एका प्रसिद्ध खटल्यात वाहतूक खात्याच्याच एका अधिकाऱ्यावर १९५१ साली कुलाब्यात जीपने माणसांना धडक दिल्याचा आणि मद्य घेतल्याचा आरोप आला. आपण मद्यार्क असलेले औषध घेतले होते, असे त्याचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली सिद्धतेचा भार फिर्यादी पक्षावरच आहे, असे ठरवून मद्यपानाच्या आरोपातून त्याला मुक्त केले. १९७१ सालच्या दुसऱ्या एका निकालात, केवळ वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून मद्यपान सिद्ध होत नाही, रक्ततपासणी हवी, असेही न्यायालयाने म्हटले. निकाल न्याय्य होते, यात शंका नाही. पण तेथपर्यंत पोहोचण्याची ऐपत कोणाची? जत्रेतून पकडून आणलेला शेतमजूर पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि बुडालेली मजुरी मोजत घरी जातो. रक्ततपासणीचा मुद्दा त्याला सुचत नाही आणि त्याच्या वतीने सुचविणारा वकील त्याच्याजवळ नसतो.

दारूबंदीची पुढील कथा चढउतारांची आहे. तमिळनाडूत १९७१ साली ती स्थगित झाली, काही वर्षांतच पुन्हा आली, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी परत उठली. मग वर उल्लेखिलेले महामंडळ आले. २००३ च्या नोव्हेंबरपासून किरकोळ विक्रीही त्याच्याच हाती गेली. सरकारी दुकान, सरकारी नोकर, सरकारी गल्ला. २०२३-२४ या वर्षात या मार्गाने राज्याला पंचेचाळीस हजार कोटी रुपयांहून अधिक महसूल मिळाला. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक विलक्षण गोष्ट आढळेल. या मक्तेदारीचा कायदेशीर आधार कोणता, तर १९३७ च्या त्याच दारूबंदी कायद्यात मागाहून घातलेले १७-क हे कलम! ज्या कायद्याने विक्री थांबविली, त्याच्याच छत्राखाली विक्री चालते आणि त्याच्याच ४-अ कलमान्वये नशेत सापडलेल्याला शिक्षा होते. महाराष्ट्रानेही यात हसण्याचे कारण नाही. आपल्याकडील मद्याचे परवाने १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीच दिले जातात. शब्द आणि अर्थ यांची इतकी पूर्ण फारकत साहित्यात क्वचितच आढळते.

उत्सवाच्या संदर्भात ही फारकत अधिक बोचते. तमिळनाडूत सरकारी दुकाने ठराविक दिवशी बंद राहतात. तिरुवळ्ळुवर दिन, प्रजासत्ताक दिन, वळ्ळलार स्मृतिदिन, महावीर जयंती, कामगार दिन, स्वातंत्र्यदिन, मिलाद-उन-नबी आणि गांधी जयंती असे हे दिवस. तिरुक्कुरळमध्ये मद्यपानाच्या निषेधाचा एक संपूर्ण अधिकार आहे, तेव्हा तिरुवळ्ळुवरांच्या दिवशी दुकान बंद ठेवणे उचितच. पण दिवाळी, विनायक चतुर्थी, पोंगलचा मुख्य दिवस आणि इंग्रजी वर्षाची अखेरची रात्र, म्हणजे ज्या दिवशी रस्ते आणि मरीना किनारा माणसांनी फुलून जातो ते दिवस, या यादीत नाहीत. मिरवणुकीच्या मार्गावर प्रसंगी स्थानिक बंदी घातली जाते, हे खरे. तरी जे पूजनीय त्यांच्या दिवशी बंद आणि ज्या दिवशी खप मोठा त्या दिवशी खुले, अशी ही विभागणी आहे. सायंकाळी दुकानाच्या खिडकीतून बाटली देणारा हात आणि रात्री किनाऱ्यावर दंडुका उगारणारा हात, दोन्हींचे वेतन एकाच तिजोरीतून होते.

या विसंगतीवर बोट ठेवणाऱ्यांचे काय होते, तेही याच शहराने दाखविले. कोवन नावाने ओळखल्या जाणाऱ्या तमिळ लोकगायकाने सरकारी मद्यविक्रीवर टीका करणारी गाणी गायिली. ऑक्टोबर २०१५ मध्ये चेन्नई पोलिसांनी त्याला तिरुचिरापल्लीहून अटक केली आणि राजद्रोहाचे १२४-अ हे कलम लावले. पुढे तो जामिनावर सुटला. १९०८ साली गुत्त्यांसमोरच्या स्वयंसेवकांवर खटले भरणारे सरकार परकीय होते. त्याच वर्षी 'केसरी'तील लेखांसाठी टिळकांवर लावलेले कलमही हेच होते. टिळकांच्या आणि कोवनच्या खटल्यांची तुलना करण्याचा हेतू येथे नाही. विक्रेत्याचे नाव आरोपपत्रात घालू पाहणारा स्वतःच आरोपी होतो, ही रीत मात्र राज्य बदलल्याने बदलली नाही, एवढेच नोंदवावयाचे आहे.

येथे एक आक्षेप सहज येईल, आणि तो हलका नाही. विक्रेत्याचा वाटा शोधण्याच्या भरात पिणाऱ्याची जबाबदारी आपण पातळ तर करीत नाही? याचे उत्तर देताना १९५६ चा 'बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य' हा निकाल आठवतो. पंजाबातील एका गावी लग्नाचा समारंभ होता. मद्याने धुंद झालेल्या एका निवृत्त जमादाराला भोजनाच्या वेळी बसावयास सोयीची जागा हवी होती. त्याने एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सरकावयास सांगितले. मुलगा हलला नाही, म्हणून त्याने पिस्तूल काढून गोळी घातली. मुलगा मेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिला तो पूर्वी मद्रास उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेल्या न्यायमूर्ती चंद्रशेखर अय्यर यांनी. नशेमुळे माणसाचा विवेक शिथिल झाला, एवढ्याने त्याचा हेतू नाहीसा झाला असे मानता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष. खुनाची शिक्षा कायम झाली. या निकालाशी कोणाही विचारी माणसाचे दुमत होणार नाही. जागेच्या क्षुल्लक कारणावरून ज्या घरचा मुलगा गेला, त्या घराला अबकारी धोरणाचा इतिहास ऐकविणे क्रूरपणाचे ठरेल. गर्दीत जिच्या अंगावर हात टाकला गेला त्या स्त्रीलाही तो ऐकविता येणार नाही. पिणाऱ्याचा दोष त्याचाच आहे आणि त्याला तो भोगलाच पाहिजे.

परंतु एका माणसाचा दोष पूर्ण धरला म्हणजे दुसऱ्याचा शून्य होतो, असा काही नियम नाही. फोर्ट सेंट जॉर्जच्या नियमात पाहुण्याचे बारा फणम माफ केलेले नव्हते. त्यांच्याशेजारी यजमानाचा होन ठेवला होता. या प्रश्नात ज्यांनी सर्वाधिक सोसले, त्यांची दृष्टीही अशीच दुहेरी होती. आंध्रातील नेल्लोर जिल्ह्यात १९९२ च्या सुमारास अरकविरोधी आंदोलन उभे राहिले ते खेड्यांतील स्त्रियांचे. त्यांचा रोख दुकानांवर आणि लिलावांवर होता. महाराष्ट्रात गावच्या स्त्रियांनी मतदान करून दुकान बंद करावयाचे, ही 'आडवी बाटली'ची पद्धत त्याच जाणिवेतून आली. नवऱ्याचा मार त्यांनी खाल्ला होता, त्याच्याविषयी त्यांच्या मनात भ्रम नव्हता. तरी त्यांनी केवळ त्याला तुरुंगात टाका, असे म्हटले नाही. ते दुकान हलवा, असे म्हटले. न्यायशास्त्राच्या ग्रंथांत जे हरवले होते, ते त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ५१० चे कलम तिच्यात ३५५ या क्रमांकाने आले. चोवीस तासांची कैद तशीच राहिली. दहा रुपयांचा दंड एक हजारावर गेला. समाजसेवेची शिक्षा प्रथमच जोडली गेली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. उत्सवानंतर किनारा झाडणे हे दिवसभराच्या कोठडीपेक्षा अधिक अर्थपूर्ण प्रायश्चित्त ठरू शकेल. पण व्यवहारात प्रकरण या सौम्य कलमापाशी क्वचितच थांबते. हे कलम अदखलपात्र आहे. पोलिसाला त्याखाली वॉरंटावाचून अटक करता येत नाही. म्हणून हुज्जतीचे रूपांतर सरकारी नोकरावर बळ वापरण्यात होते, आणि त्या अजामीनपात्र कलमाखाली दोन वर्षांपर्यंतची कैद समोर येते. चोवीस तासांचा अपराध तारखांच्या फेऱ्यात अडकतो. सरकारी नोकरी, पारपत्र, पोलिसांचा दाखला, या प्रत्येक ठिकाणी 'आपल्यावर खटला प्रलंबित आहे काय' हा रकाना त्या तरुणाची वाट पाहत असतो. त्याच्या त्या रात्रीच्या वर्तनाचे हे मोल कदाचित बरोबर असेल, कदाचित फार जास्त असेल. ते ठरविण्याचे काम दंडाधिकाऱ्याचे आहे.

इतिहासाचे काम वेगळे आहे. त्या आरोपपत्रात कोणती नावे एके काळी होती आणि आता नाहीत, हे त्याने सांगावे. कौटिल्याने व्यापाऱ्याचे नाव लिहिले होते. सतराव्या शतकातल्या एका वखारीने, नफ्यासाठीच समुद्र ओलांडून आलेल्या माणसांच्या वखारीने, यजमानाचे नाव लिहिले होते आणि त्याच्यापुढे तिप्पट आकडा घातला होता. तो नियम जेथे झाला, तो कोट चेन्नईच्या किनाऱ्यावर आजही उभा आहे. त्याच्या आवारात तमिळनाडूची विधानसभा भरते, राज्याचे सचिवालय चालते, आणि मद्यविक्रीचे धोरणही तेथेच ठरते.